आम्ही खाली सह्या करणाऱ्या

२००७ साली मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि अशोक चौकामागच्या आमच्या गल्लीत माझ्या अक्षराला भाव होता. लग्नपत्रिकांवरची नावं, रेशनकार्डाचे अर्ज, आहेराच्या पाकिटांवरचा मजकूर, सगळं माझ्याकडे यायचं. एका संध्याकाळी शेजारच्या अक्का ज्या कारखान्याच्या विड्या वळायच्या तिथला एक माणूस घरी आला. कारखान्याचं नाव सांगत नाही. त्याचे मालक मी कधी पाहिले नाहीत, त्यांची गाडी तेवढी पाहिली होती. या माणसाने फुलस्केप कागद आणि एक नवंकोरं निळं पेन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "कलेक्टरसाहेबांना निवेदन द्यायचंय. बायकांच्या नावाने. आणि हे बघ, बायकांच्या भाषेत पाहिजे. वकिली नको."

आदल्या वर्षी केंद्र सरकारने तंबाखूच्या पाकिटांवर कवटी आणि हाडांचं चित्र छापण्याचा नियम काढला होता. विडीच्या कट्ट्यावर कवटी आली तर गिऱ्हाईक पळेल, गिऱ्हाईक पळालं तर कारखाना बंद पडेल, कारखाना बंद पडला तर बायकांची चूल विझेल, असा एकूण हिशेब होता. तो माणूस मुद्दे सांगत गेला, मी भाषा घालत गेलो. 'आम्ही खाली सह्या करणाऱ्या, सोलापूर शहरातील महिला विडी कामगार' इथून सुरुवात केली. चौथ्या पानावर मी माझ्या मनाने एक वाक्य टाकलं: 'कवटी विडीच्या पुड्यावर नव्हे, आमच्या उंबऱ्यावर येईल. आमची लेकरे उपाशी मरतील.' तो माणूस हे वाचून खूश झाला. शंभराची नोट दिली आणि पेन राहू दे म्हणाला.

सह्या आमच्याच ओट्यावर झाल्या. अक्का साक्षरता वर्गात सही शिकल्या होत्या. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि सही मात्र देवनागरीत, एकेक अक्षर पाटीवर गिरवल्यासारखं. सही झाल्यावर पेन न सोडता त्यांनी विचारलं, "छाटचं लिहिलास का?"

छाट म्हणजे काय ते सांगायला हवं. बाई रात्री पान भिजत घालते, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापते, सुपात तंबाखू घेऊन दिवसभर वळत बसते. हजार विड्यांवर मजुरी. तो माल कारखान्यात नेला की तपासनीस त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतो. ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत आणि बाद ठरलेल्या विड्या बाईला परतही मिळत नाहीत. कवटीचं चित्र अक्कांनी पाहिलेलंच नव्हतं. छाट रोजची होती.

"ते ह्यात बसत नाही, अक्का," मी म्हणालो.

"हां," म्हणाल्या आणि पेन पुढच्या बाईकडे दिलं. जाताना तेवढं म्हणाल्या, "मला एक झेरॉक्स दे की. माझी सही आहे त्याच्यावर."

दोन दिवसांनी पूनम गेटसमोर बायका जमल्या. सोलापुरात कुणाचंही काही अडलं की जिल्हा परिषदेच्या या गेटसमोर बसायचं असतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी एका दैनिकात फोटो आणि त्याखाली माझं उंबऱ्याचं वाक्य, 'महिला कामगारांचा टाहो' म्हणून. मी ते कात्रण कितीतरी दिवस जपलं होतं.

पुढे पुण्याला गेलो. अशा अक्षराच्या आणि अशा वाक्यांच्या जोरावर एका पी.आर. म्हणजे जनसंपर्क कंपनीत लागलो आणि आठ वर्षं प्रेसनोटा लिहिल्या. दुसऱ्या दिवशी पेपर उघडायचा आणि आपली प्रेसनोट काना-मात्रेचाही फरक न करता 'आमच्या प्रतिनिधीकडून' म्हणून छापलेली बघायची, हे आमच्या धंद्यातलं समाधान. या कामाला इंग्रजीत भारदस्त नावं आहेत. आपल्याकडे शब्द टाकणं, वजन टाकणं, फिल्डिंग लावणं असं म्हणतात आणि मला आपले शब्द जास्त प्रामाणिक वाटतात. त्यातला 'शब्द टाकणं' तर फारच. फक्त आमच्या धंद्यात तो शब्द साहेबाच्या कानात टाकण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडात टाकावा लागतो.

२०२४च्या जुलैत हुतात्मा एक्सप्रेसने घरी येत होतो. दौंड सुटल्यावर मोबाइलवर बातमी वाचली की हिल अँड नोल्टन या जुन्या अमेरिकी पी.आर. कंपनीचं नाव आता राहणार नाही. मूळ कंपनीने तिला दुसऱ्या एका भावंड-कंपनीत मिसळून दोघींचं मिळून 'बर्सन' असं नाव केलं होतं. डब्यात कुणाला त्याचं काय असणार. पण मी त्या धंद्यात भाकरी खाल्ली होती आणि ज्या घराण्याची गायकी आपण गल्लीत गात होतो त्या घराण्याची पाटी उतरल्यासारखं मला वाटलं. सोलापूर येईपर्यंत आणि नंतरही कितीतरी रात्री मी त्या फर्मचा इतिहास वाचत बसलो.

जॉन हिल हा इंडियानातला पत्रकार. १९२७ साली त्याने ओहायोतल्या क्लीव्हलँडला स्वतःचं ऑफिस काढलं. एक बँक आणि पोलादवाले ही पहिली गिऱ्हाइकं. १९३३मध्ये मंदीत ती बँक बुडाली आणि बँकेची प्रसिद्धी बघणारा डॉन नोल्टन हिलचा भागीदार झाला. बँक बुडाली, प्रसिद्धीवाला तरला! लगेच अमेरिकेतल्या पोलाद कारखानदारांची संस्था गिऱ्हाईक झाली आणि हिल न्यूयॉर्कला गेला; नोल्टन क्लीव्हलँडलाच राहिला. १९३७ साली संप झाला, ३० मे रोजी शिकागोत पोलिसांनी संपकऱ्यांच्या जमावावर गोळ्या झाडल्या, दहा माणसं गेली. त्यानंतर सिनेटच्या समितीने चौकशी केली तेव्हा कळलं की जॉर्ज सोकोल्स्की नावाचा एक नामवंत स्तंभलेखक कामगार संघटनांविरुद्ध जे लिहीत-बोलत होता, त्याला या फर्मकडून पैसे पोचत होते. वाचकाला वाटत होतं की लेखक बोलतोय.

गिरण्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. मलाही वाटलं नाही. मी खरा थबकलो तो पुढच्या गोष्टीपाशी, कारण तिथे तंबाखू होती.

१९५३च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्या हादरल्या होत्या. अर्न्स्ट विंडर या डॉक्टरने उंदरांच्या कातडीवर सिगारेटचा डांबरासारखा अर्क लावून गाठी उठवून दाखवल्या होत्या आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं होतं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे कंपन्यांचे अध्यक्ष न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकत्र बसले आणि त्यांनी जॉन हिलला बोलावलं. हिलने स्वतः तब्येतीच्या कारणाने सिगारेट केव्हाच सोडली होती. या एका गोष्टीवर मी फार रेंगाळलो. माझ्या कंपनीतले आमचे साहेबही ज्या गुटख्यासारख्या मालाच्या 'प्रतिमे'चं काम घ्यायचे, तो घरात येऊ देत नसत.

हिलचा सल्ला असा की जाहिरातबाजी थांबवा, विज्ञानाशी भांडू नका. आपणच विज्ञान काढा. कंपन्यांनी मिळून समिती स्थापली आणि तिच्या नावात 'संशोधन' हा शब्द हवाच, हा आग्रह हिलच्या फर्मचा. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत पानभर निवेदन आलं. सिगारेट ओढणाऱ्यांशी मोकळेपणाने बोलतोय असा सूर. लोकांचं आरोग्य ही आमची पहिली जबाबदारी, बाकी सगळं नंतर. पुरावा अजून पक्का नाही. आम्ही संशोधनाला पैसा देऊ. समितीचा वैज्ञानिक प्रमुख म्हणून क्लॅरेन्स लिटल हा खरोखरचा मोठा जनुकशास्त्रज्ञ आणला, एका विद्यापीठाचा माजी अध्यक्ष. समितीचं ऑफिस एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये. हिलच्या फर्मचंही ऑफिस त्याच इमारतीत.

हे निवेदन मी मुळातून वाचलं तेव्हा कानशिलं तापली. त्यातली बरीच वाक्यं धड खोटी म्हणता येईनात. एकमत नाही असं म्हणणारे लोक होतेच. अधिक संशोधन हवंच असतं. हे सगळं नुसतं मालकाच्या तोंडून आलं असतं तर लोक हसले असते. शास्त्रज्ञाच्याही तोंडून आलं म्हणून चाललं, आणि दहा-बारा वर्षं नव्हे, चाळीसेक वर्षं चाललं. १९६९च्या सुमाराला एका सिगारेट कंपनीतल्या अंतर्गत टिपणात कुणीतरी सरळ लिहून ठेवलं की शंका हाच आपला माल आहे. पुढे कोर्टकज्ज्यांत ही सगळी कागदपत्रं उघडी झाली, म्हणून आज सोलापुरात बसून मला ती वाचता येतात.

कुवेतची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत घेतलं. तोवर हिल वारला होता, फर्म विकली जाऊन एका बड्या समूहाच्या छत्राखाली गेली होती. 'मुक्त कुवेतसाठी नागरिक' अशा नावाची संघटना उभी राहिली, तिने फर्मला एक कोटी डॉलरहून जास्त दिले आणि हे पैसे जवळजवळ सगळे कुवेत सरकारचे होते. १० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये काही खासदारांच्या मानवी हक्क गटापुढे नायिरा नावाची पंधरा वर्षांची मुलगी उभी राहिली. आडनाव सांगितलं नाही, घरच्यांच्या जिवाला धोका म्हणून. इराकी सैनिकांनी इस्पितळात शिरून काचेच्या पेटीतली तान्ही बाळं काढून फरशीवर मरायला टाकली, हे तिने रडत रडत सांगितलं. पुढचे तीन महिने राष्ट्राध्यक्षांपासून सिनेटरांपर्यंत सगळे ती बाळं बोलून दाखवत होते. १२ जानेवारी १९९१ला सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला मान्यता दिली. (१२ जानेवारी. आमच्याकडे त्या दिवशी चार पुतळ्यांना हार घालतात. धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली त्याच तारखेला येरवड्यात फाशी दिलं. तारखांचा तसा काही संबंध नाही. पण मला ती तारीख दिसली की नजर अडतेच.) वर्षभराने, जानेवारी १९९२मध्ये, जॉन मॅकआर्थर या पत्रकाराने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची लेक होती. तिची तयारी फर्मच्या माणसांनी करून घेतली होती. ज्या खासदारांनी सुनावणी घेतली त्यांच्याशी संबंधित प्रतिष्ठानाचं ऑफिस फर्मच्याच जागेत, सवलतीच्या भाड्यात होतं. त्या बाळांच्या कथेला पुढे तपासात आधार मिळाला नाही.

कुवेतवर अत्याचार झालेच नाहीत असं कुणीही म्हणत नाही. झाले होते. तरीही त्यांना एक मुलगी उभी करावीशी वाटली.

हे वाचता वाचता मला स्वतःबद्दल एक सोयीचं उत्तर सापडत होतं: कुठे कोटी डॉलर आणि कुठे शंभराची नोट. ते फार वेळ टिकलं नाही. कारण २००७च्या त्या निवेदनांचं पुढे काय झालं हेही मी शोधलं. सोलापूरसारखीच निवेदनं निपाणीहून, बंगालमधून, मध्य प्रदेशातून गेली असणार. नियमाचा फेरविचार करायला मंत्रिगट बसला, त्याचे प्रमुख प्रणव मुखर्जी. आणि त्यांचा बंगालमधला जंगीपूर मतदारसंघ म्हणजे विडीचं आगरच. २००७मध्ये कायदा दुरुस्त झाला, कवटीची सक्ती गेली. चित्रं लांबत लांबत ३१ मे २००९ला आली आणि आली तीही अगदी गरीब गायीसारखी. चघळायच्या तंबाखूवर तर विंचू छापला होता. कॅन्सर विंचवाने होतो असं वाटणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

२०१५ साली पुन्हा तेच. पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापायचा ठरला आणि तो पाहणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. ते म्हणाले, तंबाखूमुळे कॅन्सर होतो हे सिद्ध करणारा भारतीय अहवालच नाही, सगळे अभ्यास परदेशातले आहेत. त्याच समितीत अलाहाबादचे श्यामाचरण गुप्ता होते, ज्यांचा स्वतःचा विडीचा व्यवसाय होता. मला १९५४च्या त्या पानभर निवेदनाचा वास आला. एकसष्ट वर्षांत वाक्यसुद्धा फारसं बदललं नव्हतं, फक्त 'अजून पक्का नाही'च्या जागी 'आपला नाही' आलं होतं.

आणि आपला नाही म्हणजे काय? मुंबईत परळला संघवी, राव आणि खानोलकर यांनी विडी, सिगारेट आणि चघळायच्या तंबाखूचा घसा-तोंडाच्या कॅन्सरशी संबंध तपासून १९५५ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला होता. बाकी जाऊ दे, आमच्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७पासून ग्रामीण भागातली कॅन्सरची नोंदवही ठेवली जाते, देशातली अशी पहिली. गावोगाव जाऊन माणसं नोंदी करतात. नगरहून बार्शी काही अमेरिका नाही. अखेर ८५ टक्क्यांचा नियम १ एप्रिल २०१६ला लागू झाला. त्या दिवशी सिगारेटच्या मोठ्या कंपन्यांनी कारखाने बंद ठेवले. तेव्हाही रस्त्यावर बोलायला पुढे कोण होतं ते सांगायला नको. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका ६०-७० हजार आहेत असं नेहमी सांगितलं जातं. एवढी तोंडं एका गावात आयती कुठे मिळतात?

यावर आमच्या गल्लीतला एक मित्र माझ्यावर भडकला. "मग बायकांनी मोर्चा काढूच नये का बे? गोदूताई घरकुल काय आकाशातून पडलं?" त्याचं खरं आहे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले, त्यामागे कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे होते. सोलापूर ते दिल्ली अशी फिल्डिंगच होती ती. शुद्ध लॉबिंग. आणि तिथेही निवेदनं कुणीतरी लिहिलीच असणार, बायकांनी सह्याच केल्या असणार. मी त्याला म्हटलं, घर कुणाला पाहिजे होतं ते बाईला माहीत होतं. तो म्हणाला, आणि काम कुणाला पाहिजे होतं? कारखाना बंद पडला असता तर अक्कांनी काय तुझं अक्षर खाल्लं असतं?

इथे मी गप्प बसलो आणि अजून गप्पच आहे. त्या निवेदनातली भीती खोटी नव्हती. तो कारखान्याचा माणूस मूर्ख असता तर त्याने खोटी भीती लिहून घेतली असती. हिललाही खोटा शास्त्रज्ञ नको होता, खराच लागत होता. खऱ्या माणसाच्या खऱ्या काळजीतलं आपल्याला हवं तेवढं कापून घ्यायचं, पत्र्याच्या मापाने पान कापतात तसं. उरलेलं छाटीत.

अक्का आता कुंभारीच्या घरकुलात राहतात. विडी सुटली. बोटांना ती सवय अजून आहे. टीव्ही बघताना अंगठा आणि पहिलं बोट आपोआप काहीतरी वळत असतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला की पी.एफ.चे पैसे अडकलेत, ये. अडचण नावाची होती. विडी कार्डावर नावाच्या शेवटी 'बाई' आणि आधारवर 'अम्मा'. बाई आणि अम्मा ही एकच बाई आहे हे सिद्ध करायचं होतं. कारखान्यातून सहीचा कागद आणा म्हणाले, कारखान्याने दोनदा उद्या या म्हणून सांगितलं होतं.

आम्ही रिक्षा करून ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, नाव पूर्ण लिहिलेला जुना काही पुरावा आहे का, कामगार असल्याचा? अक्कांनी पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातून घडीवर घडी घातलेला कागद. झेरॉक्स पिवळी पडली होती, घड्यांवर फाटायला आली होती, पण माझं अक्षर मी ओळखलं. शेवटच्या पानावर तिसऱ्या ओळीत अक्कांची सही, 'अम्मा'सकट, स्पष्ट.

बाईंनी कागद उलटसुलट केला. "आजी, हे तर मोर्च्याचं निवेदन आहे. हे चालत नाही."

"सही माझी आहे त्याच्यावर."

"सही आहे हो. पण चालत नाही." पुढचा नंबर.

परतताना रिक्षात अक्का तो कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अक्कलकोट रोडला लागल्यावर म्हणाल्या, "वर काय लिहिलंयस रे हे? त्या दिवशी वाचून दाखवलाच नाहीस."

मी वाचायला लागलो. रिक्षाच्या धडधडीत मोठ्याने वाचावं लागत होतं. पहिली दोन पानं त्या बाहेर बघत ऐकत होत्या, मधून मधून हां म्हणत होत्या. कवटीचं आलं तेव्हा हसल्यासुद्धा. चौथ्या पानावर उंबऱ्याचं वाक्य आलं, ते मी जरा भरभर वाचून टाकलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "परत वाच."

परत वाचलं.

"लेकरे उपाशी?" कागद त्यांनी माझ्या हातून काढून घेतला, जणू त्यात बघून कळणार होतं. "तिघांना शिकवले मी त्या सुपावर. थोरला आय.टी.आय. झाला. धाकटीच्या लग्नात दोनशे ताटं उठली, तूच वाढत होतास." रिक्षावाला आरशातून बघायला लागला. "माझी पोरं कधी उपाशी होती रे?"